गीज बेंडच्या आज्या आणि त्यांच्या गोधड्या

यंदाच्या स्मरणिकेत इतिहासाविषयी एखादा लेख असावा असे संपादक मंडळाने ठरविले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाडे, लढाया आणि तह यांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु चूल, शेत, देऊळ आणि अंथरूण-पांघरूण यांनाही इतिहास असतो, आणि तो आपल्याला बरा कळतो. असाच एका लहानशा खेड्याचा इतिहास मी येथे सांगणार आहे. ते खेडे आपल्याकडचे नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातले आहे. माझी भाची महाविद्यालयात शिकते. तिने त्या गावाविषयीची पुस्तके आणून मला मराठीत समजावून सांगितली, चित्रेही दाखविली. चित्रे पाहून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्या तर गोधड्याच!" आणि त्या खरोखरच गोधड्या होत्या.

म्हातारपण कसे काढावे, देवावरची श्रद्धा कशाच्या उपयोगी पडते आणि शेजारधर्म कशाला म्हणावे, हे प्रश्न आपल्या मंडळात या ना त्या निमित्ताने नेहमी निघतात. त्या गावच्या बायकांनाही ते पडले. त्यांतले काही त्यांनी सोडविले, काही त्यांनाही सुटले नाहीत. म्हणूनच त्यांची हकीकत मला आपल्यापुढे ठेवावीशी वाटली.

अमेरिकेत अलाबामा नावाचे राज्य आहे आणि त्याच नावाची नदीही आहे. ही नदी विलकॉक्स नावाच्या परगण्यात एक मोठे वळण घेते. त्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले गाव म्हणजे गीज बेंड. बेंड म्हणजे वळण. जोसेफ गी नावाचा एक मळेवाला १८१६ साली तेथे आला, म्हणून ते 'गी'चे वळण. सरकारी दप्तरी गावाचे नाव पुढे बॉयकिन झाले, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. २०१० च्या शिरगणतीत गावची वस्ती अवघी २७५ होती. आपल्याकडील एखाद्या वाडीएवढेच गाव म्हणा ना!

जोसेफ गीच्या मागे तो मळा कर्जापायी १८४५ साली मार्क पेटवे नावाच्या नातलगाकडे गेला. हा पेटवे दूर उत्तर कॅरोलिना राज्यात राहणारा. तो बिऱ्हाड घेऊन निघाला तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे शंभर गुलाम होते. मालकाची मंडळी गाड्यांतून आली आणि गुलाम शेकडो मैल पायी चालत आले. या गुलामांना आडनावही मालकाचेच मिळाले. आजही गावात पुष्कळांचे आडनाव पेटवे असते, पण तेवढ्यावरून ते एकमेकांचे नातलग ठरत नाहीत. आपल्याकडे गावात एकच आडनाव असले की एकच भाऊबंदकी समजावी, तसे तेथे नाही. त्या आडनावामागे रक्ताचे नाते नसून खरेदीखत आहे.

हे गुलाम पिकवीत काय, तर कापूस. येथे आपल्या खानदेशाचा आणि त्या दूरच्या मुलखाचा एक धागा जुळतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांत मोठे यादवी युद्ध झाले. त्यामुळे दक्षिणेचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. गिरणीवाल्यांनी मुंबईकडे धाव घेतली आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत लोकांनी त्या तेजीवर इमले उभे केले. युद्ध संपताच १८६५ साली भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, आणि आपल्याकडचे कित्येक शेतकरी वाढवून ठेवलेल्या कर्जात अडकले. तिकडे त्याच युद्धाच्या शेवटी गुलामांची कायद्याने सुटका झाली. सुटका झाली खरी, परंतु त्यांच्याजवळ जमीन नव्हती, बैल नव्हते, बियाणेही नव्हते. तेव्हा जुन्या मालकाचीच जमीन बटाईने करावयाची, दुकानदाराकडून उधारीवर बी-खत आणि पीठ घ्यावयाचे, आणि कापूस निघाला की तो उधारीत वळता करावयाचा, असा क्रम सुरू झाला. सावकाराची वही आपल्याही आजोबा-पणजोबांनी पाहिलेली आहे. ती वही तिकडेही तशीच होती.

गावावरचा सर्वांत कठीण प्रसंग १९३२ सालचा. कापसाचा भाव पार उतरला होता. गावाला उधारी देणारा व्यापारी मरण पावला आणि त्याच्या विधवा पत्नीने वसुली लावली. वसुलीदारांनी साठाहून अधिक कुटुंबांची नांगर-अवजारे, गाड्या, खेचरे, गाई, कोंबड्या, कणगीतला मका आणि पुढच्या पेरणीचे बीसुद्धा नेले. घरात पोरेबाळे, दाराशी हिवाळा, आणि खायला काही नाही. रेड क्रॉसने पाठविलेल्या शिध्यावर आणि नदीतल्या-रानातल्या मिळेल त्या वस्तूंवर लोकांनी तो हिवाळा काढला. म्हाताऱ्या बायका पुढे ती आठवण सांगत, तेव्हा आपल्या आज्या दुष्काळाच्या आठवणी सांगत तशाच सांगत.

पुढे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या राजवटीत सरकारने या गावाकडे लक्ष दिले. १९३७ पासून सरकारने तेथील हजारो एकर जमीन विकत घेतली, नवी लाकडी घरे बांधली, शाळा, दुकान आणि कापसाचे जीन काढले, आणि नंतर ती जमीन हप्त्याने कुळांनाच विकली. आर्थर रॉथस्टाइन या सरकारी छायाचित्रकाराने १९३७ साली घेतलेली त्या गावची चित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत मातीने लिंपलेली लाकडी खोपटी दिसतात, आणि आतल्या भिंतींना वारा लागू नये म्हणून वर्तमानपत्रांचे कागद डकविलेले दिसतात. जमीन नावावर झाली ही गोष्ट लहान समजू नये. पुढे जेव्हा हक्क मागण्याची वेळ आली तेव्हा आजूबाजूच्या गावांतल्या कुळांना मालकांनी घराबाहेर काढले. गीज बेंडच्या लोकांना मात्र कोणी काढू शकले नाही, कारण पायाखालची जमीन त्यांची स्वतःची होती.

आता गोधड्यांविषयी. त्या खोपट्यांत फटींमधून वारा येई. म्हणून एकेका बिछान्यावर कित्येक गोधड्या लागत. कापड विकत आणण्याची ऐपत नव्हती. फाटलेल्या विजारी, झिजलेले सदरे, बायकांचे जुने झगे, पिठाच्या आणि खताच्या गोण्या, जे हाती येईल ते धुऊन, फाडून, जोडून गोधडी होई. आत घालावयास जिनात सांडलेला कापूस काठीने झोडून घेत. आपल्याकडे आपण लुगड्यांचे पदर एकावर एक पसरून धावदोरा घालतो. त्या आधी वरचा थर तुकडे जोडून करीत, मग कापूस आणि अस्तर घालून लाकडी चौकटीवर ताणून शिवीत. शिवताना चार-सहा जणी चौकटीभोवती बसत, आणि आज एकीची तर उद्या दुसरीची असे चाले. नमुन्यांची नावेही घरगुती होती. चौकोनात चौकोन घातला की 'घराचे छप्पर'. नुसत्या लांब पट्ट्या जोडल्या तर 'आळशी पोर'. कोणी नमुना न पाहता मनाने शिवली तर ती 'माझी रीत'.

या कामात म्हाताऱ्यांचे स्थान काय होते, ते मी मुद्दाम सांगते. शेतात उभे राहणे झाले नाही की बाई चौकटीशी बसे. कापड कोणते किती दिवस टिकेल, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवावा, हे तिला विचारल्यावाचून होत नसे. लहान मुली चौकटीखाली बसून सुया ओवून देत, आणि खाली बसल्या बसल्या वरच्या गोष्टी ऐकत. अनेक जणींनी मोठेपणी सांगितले आहे की आपण शिवण शिकलो ते असेच, आजीच्या सुया ओवता ओवता. आजीला डोळ्यांनी कमी दिसते म्हणून नातीची गरज आणि नातीला हात वळत नाही म्हणून आजीची गरज, असा तो देवाणघेवाणीचा व्यवहार होता. त्यात कोणाचे उपकार नव्हते.

अर्लोन्झिया पेटवे नावाची एक बाई होती. तिचा जन्म १९२३ चा, मृत्यू २००८ चा. तिची पणजी डायना हिला मुलगी असताना आफ्रिकेतून जहाजात घालून आणून विकले होते. अर्लोन्झियाने लहानपणी ती हकीकत म्हाताऱ्या पणजीच्या स्वतःच्या तोंडून ऐकली आणि आयुष्यभर सांगितली. त्या लोकांचे जन्ममृत्यू कोणी नीट लिहून ठेवले नव्हते. विक्रीच्या कागदात माणसे गुरांसारखी मोजली होती. अशा गावात म्हातारी बाई हीच वंशावळ होती. ती गेली की चार पिढ्या पुसल्या जात. म्हणून लोक तिच्याजवळ बसत.

याच अर्लोन्झियाच्या आईची, मिसूरी पेटवेची, गोष्ट ऐकून मला फार वाटले. मिसूरीचा नवरा वारला. मागे पोरे आणि शेती. १९४२ साली तिने नवऱ्याचे कामावरचे कपडे काढले. गुडघ्यांवर झिजलेल्या विजारी, उन्हाने विटलेले सदरे. त्यांचे तुकडे करून थोरल्या मुलीला मदतीस घेऊन तिने गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजावे, एवढाच तिचा हेतू होता, असे मुलीने पुढे सांगितले. त्या गोधडीत निळे आणि मातकट रंग आहेत. कपड्यांवरचे डाग तसेच आहेत आणि जेथे खिसा उसवला तेथली न विटलेली जागा गडद दिसते. आज ती गोधडी वॉशिंग्टन शहरातील राष्ट्रीय कलादालनात आहे. आपल्यापैकी कितीजणींच्या घरी आईच्या लुगड्याची गोधडी असेल! ती अंगावर घेताना काय वाटते ते पुस्तकात शोधावे लागत नाही.

आता श्रद्धेविषयी. ही मंडळी बाप्टिस्ट पंथाची ख्रिस्ती. त्यांचे प्रार्थनामंदिर म्हणजे देऊळ, चावडी आणि माहेर या तिन्हींच्या जागी होते. त्या भागातील काळ्या लोकांच्या प्रार्थनामंदिरांत वयोवृद्ध बायकांना 'मंदिराच्या माता' म्हणण्याची चाल आहे. सणाच्या रविवारी त्या पांढरी वस्त्रे नेसून पुढच्या बाकांवर बसतात. जुनी पदे पुष्कळांना वाचता येत नसत. तेव्हा एकाने चरण सांगावयाचा आणि सर्वांनी तो लांब सुरात उचलून धरावयाचा. आपल्या भजनात बुवांनी सुरू केले की टाळकऱ्यांनी उचलावे तसेच हे. १९४१ साली रॉबर्ट सॉन्किन नावाच्या संशोधकाने गीज बेंडला जाऊन ही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि ती वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात जपून ठेविली आहेत. शिवतानाही त्या हीच पदे गात. त्यामुळे त्यांच्या शिवणात आणि भजनात भिंत नव्हती.

गुलामी सुटल्यानंतर दक्षिणेत या प्रार्थनामंदिरांच्या आश्रयाने ठिकठिकाणी साहाय्य मंडळ्या निघाल्या. दर आठवड्यास किंवा महिन्यास काही नाणी द्यावयाची, आणि आजारपण आले की मंडळीने औषध व माणूस पुरवावयाचे, मरण आले की तिरडीचा खर्च करावयाचा. गोऱ्यांच्या विमा कंपन्या त्यांना दाराशी उभे करीत नसत किंवा जादा पैसे घेत. तेव्हा ही मंडळीच त्यांचा विमा. म्हातारीला मुलगा नसला तरी आपल्याला मातीत नीट नेतील एवढा भरवसा असे. आपल्या मंडळाची भिशी आणि आजारी भगिनीकडे पाळीपाळीने डबा देण्याची पद्धत यांची मला येथे आठवण झाली.

कोणी म्हणेल की अशी श्रद्धा माणसाला सोसावयास शिकविते आणि गप्प बसविते. पुष्कळदा तसे होतेही. पण गीज बेंडच्या बाबतीत मला वेगळे दिसले. १९६५ सालच्या आरंभी विलकॉक्स परगण्यात काळ्या लोकांची संख्या अधिक असून त्यांच्यातला एकही मतदार नोंदलेला नव्हता. नोंद करावयाची तर नदीपलीकडे कॅम्डेन या परगण्याच्या गावी जावे लागे. गावकरी तेथे जाऊ लागले तेव्हा, १९६२ साली, नदीवरची तर बंद करण्यात आली. तरीने जे गाव समोर दिसे ते आता रस्त्याने सुमारे ६५ किलोमीटर पडू लागले, आणि तो एकमेव रस्ताही १९६७ पर्यंत कच्चाच होता. दवाखाना, बाजार, कचेरी, सारे पलीकडे. अडल्या बाळंतिणीला आणि धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याला हा फेरा पडला. तरी लोक गेलेच. १९६५ च्या फेब्रुवारीत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग रात्री पावसातून या गावी आले आणि तेथल्या प्लेझंट ग्रोव्ह प्रार्थनामंदिरात बोलले. त्यानंतर मोर्च्यांत जाणाऱ्यांत डोक्याला रुमाल बांधलेल्या आज्याही होत्या. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला. ज्या देवळात मरणाची तयारी शिकविली जात होती त्याच देवळात मताची पेटीही शिकविली गेली. तर मात्र पुन्हा सुरू झाली ती २००६ साली, म्हणजे ४४ वर्षांनी. जिने तरुणपणी ती बंद झालेली पाहिली ती म्हातारी होऊन पुन्हा तिच्यात बसली.

याच धामधुमीत बायकांची एक संस्था निघाली, ती आपल्या मंडळासारखीच म्हणावी लागेल. फ्रान्सिस वॉल्टर नावाचे एक धर्मोपदेशक १९६५ च्या अखेरीस त्या परगण्यातून जात होते. दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहून ते थांबले. त्यांनी काही गोधड्या दहा-दहा डॉलरला विकत घेतल्या आणि न्यूयॉर्कला नेऊन लिलावात विकल्या. त्या पैशांतून १९६६ साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' म्हणजे स्वातंत्र्याचे गोधडी मंडळ स्थापन झाले. एस्टेल विदरस्पून या त्याच्या व्यवस्थापक होत्या. शेजारच्या वस्तीत त्यांनी जमीन घेतली, १९६९ साली शिवणघर बांधले, पुढे मुलांसाठी पाळणाघर काढले. मत नोंदविले म्हणून ज्यांना मालकांनी घराबाहेर काढले होते अशा काही कुटुंबांना आपल्याच जमिनीतले तुकडे विकले. १९७२ साली एका मोठ्या दुकानाकडून उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाले. कॉर्डरॉय कापडाचे अभ्रे शिवावयाचे आणि उरलेल्या चिंध्या घरी न्यावयाच्या. त्या चिंध्यांच्या गोधड्या आज फार नावाजल्या जातात.

पण एक गोष्ट खरी की दुकानाला सगळा माल एकसारखा लागतो. टाके मोजून, नमुना ठरवून. ज्या बाईने जन्मभर 'माझी रीत' शिविली तिला ते काचू लागले. काहीजणी मंडळात पगाराचे काम करीत आणि घरी मनाचे. लोरेटा पेटवे यांनी तर स्पष्ट सांगितले आहे की त्यांना शिवणाची आवड नव्हती. घरात थंडी होती, पोरे होती, दुसरा इलाज नव्हता म्हणून शिवले. हे वाचून मला बरे वाटले. गरिबीला रंग लावून सुंदर म्हणण्याची आपल्याकडे फार खोड आहे. गोधडी सुंदर असेल. तिच्याखालची थंडी सुंदर नव्हती.

पुढे गाव रिकामे होऊ लागले. १९१० ते १९७० या साठ वर्षांत दक्षिणेतील सुमारे साठ लाख काळे लोक उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. गीज बेंडचीही मुले गेली. त्यातच १९६० नंतर नदीवर धरण होऊन गावच्या चांगल्या जमिनींपैकी बरीच पाण्याखाली गेली. मागे राहिल्या त्या म्हाताऱ्या. दक्षिणेत एक चाल आहे. उन्हाळ्यात एखाद्या रविवारी बाहेरगावी गेलेली मंडळी आपल्या जुन्या प्रार्थनामंदिरात परत येतात, पूर्वजांच्या थडग्यांवरचे गवत काढतात, झाडाखाली सर्वांचे एकत्र जेवण होते. आपल्या जत्रेला चाकरमाने येतात तसेच. परंतु जत्रा एक दिवसाची, आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस म्हातारीने कोणाकडे पाहावे, हा प्रश्न तेथेही आहे आणि आपल्याकडेही आहे.

२००२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात या गोधड्या भिंतीवर चित्रासारख्या टांगल्या गेल्या. मोठमोठ्या टीकाकारांनी वाखाणणी केली. बायका स्वतः तेथे गेल्या, आपण पांघरलेल्या गोधड्या भिंतीवर पाहिल्या, आणि तेथेच आपली पदे गायिल्या. २००६ साली सरकारने त्यांवर टपालाची तिकिटे काढली. २०१५ साली मेरी ली बेंडॉल्फ, लूसी मिंगो आणि लोरेटा पेटवे या तिघींना लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. मेरी ली बाई तेव्हा ८० वर्षांच्या होत्या. कीर्ती आली तसा वादही आला. आपल्या कामाचा योग्य मोबदला मिळाला नाही असे काहीजणींना वाटून २००७ साली प्रकरण न्यायालयात गेले व पुढे आपसात मिटले. वृद्ध बाईच्या हातच्या कामाची किंमत ठरविताना तिला जवळ बसवून हिशेब दाखवावा, हा धडा कोणत्याही संस्थेने घ्यावा असाच आहे.

आणि 'फ्रीडम क्विल्टिंग बी'चे काय झाले? ते मंडळ २०१२ साली बंद झाले. ज्यांनी ते काढले त्या म्हाताऱ्या झाल्या, एकेक करून गेल्या, आणि त्यांच्या चौकटीशी बसावयास पुरेशा तरुणी उरल्या नाहीत. सन्मान वाढत होता त्याच वर्षांत हात कमी होत होते. अलीकडे गावात पुन्हा हालचाल आहे. २००३ साली बायकांनी आपली नवी सहकारी संस्था काढली आहे, आणि २०२२ पासून ऑक्टोबरात 'गोधड्यांना ऊन दाखविण्याचा' उत्सव भरू लागला आहे. घरोघरी कुंपणांवर आणि दोऱ्यांवर गोधड्या पसरतात, बाहेरची माणसे पाहावयास येतात. आपण नवरात्र बसण्यापूर्वी साऱ्या गोधड्या नदीवर नेऊन धुतो आणि वाळूत पसरतो, ते कोणी पाहावयास येत नाही एवढाच फरक.

भगिनींनो, हा सारा इतिहास वाचून माझ्या मनात एक विचार पक्का झाला, तो सांगून लेख आटोपते. आपले मंडळ दर वर्धापनदिनी ज्येष्ठ भगिनींचा सत्कार करते. शाल, श्रीफळ, टाळ्या. ते योग्यच आहे. परंतु त्यानंतर त्या ज्येष्ठ भगिनी वर्षभर कोठे असतात? आपले सभागृह माडीवर आहे. ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्या हळदीकुंकवालासुद्धा येईनाशा झाल्या आहेत. आम्ही चाळिशीतल्या बायका सभा, वर्गणी, सहल यांत गुंतलेल्या, आणि आमच्या मुलींना मंडळ म्हणजे आईचे काम वाटते. मान देणे सोपे असते. म्हातारीला काम देणे, तिचे शिकविलेले शिकणे आणि तिच्यासाठी आपली बैठक खाली आणणे याला वेळ द्यावा लागतो.

आमच्या सासूबाई अजून गोधडी शिवतात. दृष्टी कमी झाल्यामुळे सुई ओवता येत नाही. माझा मुलगा सकाळी शाळेला जाण्यापूर्वी दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवतो. तेवढ्या संपल्या की त्यांचे काम थांबते आणि त्या दुपारी त्याची वाट पाहतात. मला वाटते, त्या सुयांचीच वाट पाहतात असे नाही. औषधाच्या गोळ्या त्यांना आम्ही वेळच्या वेळी देतोच. पण त्यांची तब्येत ज्या दिवशी गोधडी पुढे सरकते त्या दिवशी अधिक बरी असते, हे मी रोज पाहते.

गीज बेंडच्या आज्यांना म्हातारपण चुकले नाही, दारिद्र्यही फारसे चुकले नाही. त्यांना एवढे मिळाले की शेवटपर्यंत कोणाला तरी त्यांची गरज होती. देवळात त्यांच्या सुराची, चौकटीवर त्यांच्या हाताची, गावात त्यांच्या आठवणीची. आणि जेथे तरुण हात शेजारी बसले नाहीत तेथे नामांकित संस्थाही बंद पडली.

म्हणून कार्यकारी मंडळाच्या संमतीने एक सूचना येथे देत आहे. येत्या घटस्थापनेच्या आधी पंधरा दिवस, दर बुधवारी दुपारी तीन वाजता, राममंदिराच्या ओसरीवर गोधडीचा वर्ग भरेल. ओसरीला पायऱ्या दोनच आहेत. शिकविण्याचे काम साठीच्या पुढील भगिनी करतील. शिकणाऱ्यांनी आपल्या मुलींना व सुनांना बरोबर आणावे, आणि लहान मुले आली तर सुया ओवण्यास उपयोगी पडतील. घरातील जुनी लुगडी, पातळे, धोतरे धुऊन आणावीत. कोणते कापड कोणाचे होते ते एका वहीत लिहून ठेवावयाचे आहे, म्हणजे आपल्या गावच्या आज्यांची नावे पुढे कोणाला तरी वाचता येतील. ज्यांना चालणे होत नाही त्यांना आणण्यासाठी रिक्षाची सोय करण्याचे ठरत आहे. इच्छुक भगिनींनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.